संत आणि पवित्र अवशेष यांच्या सन्मानाला बायबलमधील आधार

संतांचे स्मरण करणे, देवाजवळ आपल्यासाठी रदबदली करावी म्हणून त्यांना विनवणे आणि त्यांच्या अस्थी, वस्त्रे किंवा वापरातील वस्तू आदराने जतन करणे ही ख्रिस्ती धर्मातील परंपरा आहे; तिची मुळे दुसऱ्या शतकात आढळतात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि पूर्वेकडील इतर प्राचीन ख्रिस्तसभा ती पाळतात. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ ती नाकारतात. असा सन्मान करावा, अशी थेट आज्ञा बायबलमध्ये नाही. परंपरा मानणारे काही प्रसंगांचा आणि त्यांमागच्या शिकवणीचा आधार घेतात. विरोधक आज्ञेच्या अभावावर आणि काही स्पष्ट मनाईंवर बोट ठेवतात.

जुना करार

मोशेच्या नियमशास्त्रानुसार प्रेताला स्पर्श करणारा सात दिवस अशुद्ध ठरत असे (गणना १९:११). त्याच परंपरेत पूर्वजांच्या अस्थींविषयी मात्र गाढ आदर दिसतो. मिसर देशात मरण पावलेल्या योसेफाने आपल्या अस्थी वचनदत्त भूमीत न्याव्यात, अशी शपथ इस्राएलपुत्रांकडून घेतली होती (उत्पत्ती ५०:२५). मिसरमधून निघताना मोशेने त्या बरोबर घेतल्या (निर्गम १३:१९) आणि शेवटी शखेम येथे त्यांचे दफन झाले (यहोशवा २४:३२). नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात योसेफाची ही सूचना विश्वासाचे कृत्य म्हणून गणली आहे (११:२२). योशीया राजाने बेथेल येथे कबरी उकरून अस्थी जाळल्या, पण एका संदेष्ट्याच्या अस्थींना हात लावू दिला नाही (२ राजे २३:१६–१८).

सर्वांत महत्त्वाचा उतारा अलीशा संदेष्ट्याच्या कबरीचा आहे (२ राजे १३:२०–२१). काही लोक एका माणसाला पुरत असताना मवाबी लुटारूंची टोळी दिसली. घाईने त्यांनी प्रेत अलीशाच्या कबरीत टाकले. अस्थींचा स्पर्श होताच मृत माणूस जिवंत होऊन उभा राहिला. संताच्या अस्थींच्या द्वारे देव कार्य करतो, या मताचा हा प्रमुख दाखला मानला जातो. त्याच ग्रंथात आधी येणारी, अलीशाचा गुरू एलीया याच्या झग्याने पाणी दुभंगल्याची कथा (२ राजे २:१३–१४) वस्त्रावशेषांच्या संदर्भात सांगितली जाते. बेन सिराच्या ग्रंथात मरणानंतरही अलीशाच्या देहाने कार्य केल्याचा गौरव आहे (४८:१३–१४).

या उताऱ्यांना मर्यादाही आहेत. अलीशाच्या कबरीकडे त्यानंतर लोकांची रीघ लागल्याचे बायबल सांगत नाही. मोशेची कबर कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, असे अनुवाद ग्रंथ नोंदवतो (३४:६). वाळवंटात देवाच्याच आज्ञेने घडवलेल्या पितळी सर्पापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). देवाने साधन म्हणून दिलेली वस्तूही उपासनेचा विषय होऊ शकते, असा इशारा प्रॉटेस्टंट भाष्यकार या घटनेतून घेतात.

नवा करार

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री येशूच्या वस्त्राला स्पर्श करून बरी झाली. तिच्या विश्वासाने तिला बरे केले, असे येशूने तिला सांगितले (मार्क ५:२५–३४). पेत्राची सावली तरी अंगावर पडावी म्हणून यरुशलेममधील लोक आजाऱ्यांना रस्त्यावर आणून ठेवत (प्रेषितांची कृत्ये ५:१५). इफिस येथे पौलाच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी रोग्यांवर ठेवली की ते बरे होत (१९:११–१२). या शेवटच्या उताऱ्यातील कर्ता देव आहे: चमत्कार देव करतो, पौल आणि त्याची फडकी ही साधने ठरतात. लगेच पुढे, येशूचे नाव मंत्रासारखे वापरू पाहणाऱ्या स्किवाच्या सात मुलांची फजिती सांगितली आहे (१९:१३–१६). वस्तूत किंवा शब्दात स्वतंत्र शक्ती नाही, हा या दोन प्रसंगांचा एकत्रित बोध आहे. पेत्र आणि पौल त्या वेळी हयात होते, त्यामुळे हे प्रसंग मृतांच्या अवशेषांना लागू होत नाहीत, असा प्रॉटेस्टंट आक्षेप आहे. त्यावर अलीशाच्या अस्थींचा दाखला पुढे केला जातो.

देहाविषयीच्या शिकवणीमुळे या प्रसंगांना बळ मिळाले. श्रद्धावंताचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे (१ करिंथकरांस ६:१९) आणि तेच पुनरुत्थित होणार आहे (१ करिंथकरांस १५). त्यामुळे यहुदी आणि रोमन समाजात विटाळ मानला गेलेला मृतदेह ख्रिस्ती लोकांना आशेची खूण वाटू लागला.

संतांची मध्यस्थी

मध्यस्थीचा आधार जिवंत आणि मृत श्रद्धावंतांच्या एकतेत शोधला जातो. देव मेलेल्यांचा नसून जिवंतांचा आहे, असे येशू सांगतो (लूक २०:३८). इब्री लोकांस पत्रात पूर्वीचे श्रद्धावंत आपल्याभोवती साक्षीदारांच्या मेघासारखे आहेत (१२:१). प्रकटीकरणात चोवीस वडील पवित्र जनांच्या प्रार्थना धुपाच्या वाट्यांतून अर्पण करतात (५:८), तर हुतात्म्यांचे आत्मे वेदीखालून देवाला हाक मारतात (६:९–१०). वेदीखाली हुतात्म्यांचे अवशेष ठेवण्याची प्रथा पुढे याच दृश्याशी जोडली गेली. यिर्मया संदेष्टा मृत्यूनंतरही लोकांसाठी प्रार्थना करीत असल्याचे सर्वांत स्पष्ट वर्णन २ मक्काबी १५:१२–१६ मध्ये आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये हा ग्रंथ आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. त्यामुळे शास्त्र म्हणून कोणते ग्रंथ मानायचे, हाही या मतभेदाचा एक भाग आहे.

विरोधी बाजूचे प्रमुख वचन १ तीमथ्याला २:५ हे आहे: देव आणि मानव यांच्यात ख्रिस्त हाच एक मध्यस्थ. त्याच अध्यायाच्या आरंभी सर्वांसाठी विनंत्या करण्यास सांगितले आहे (२:१), म्हणून एकमेकांसाठी केलेली प्रार्थना ख्रिस्ताच्या मध्यस्थीला बाधा आणत नाही, असे उत्तर कॅथलिक पक्ष देतो. मृतांना प्रश्न विचारण्याची मनाई (अनुवाद १८:११), पाया पडणाऱ्या कर्नेल्याला पेत्राने उठवणे (प्रेषितांची कृत्ये १०:२५–२६) आणि देवदूताने योहानाला केलेला मज्जाव (प्रकटीकरण २२:८–९) हे आणखी आक्षेप. यांपैकी शेवटचे दोन उपासना फक्त देवाची, हे ठामपणे सांगतात. त्याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत नाही.

प्राचीन ख्रिस्तसभा

स्मर्ना (आजचे इझ्मिर) येथे १५५ च्या सुमारास बिशप पॉलिकार्प यांना ठार करून त्यांचा देह जाळण्यात आला. त्या घटनेच्या वृत्तांतात श्रद्धावंतांनी अस्थी रत्नांहून मोलाच्या मानून गोळा केल्याचे आणि दरवर्षी तो दिवस साजरा करण्याचे ठरवल्याचे सांगितले आहे. उपासना ख्रिस्ताची आणि हुतात्म्यांवर प्रेम त्याचे शिष्य म्हणून, हा भेदही तेथेच मांडला आहे.

चौथ्या शतकात यरुशलेमचे सिरिल यांनी अलीशाच्या अस्थींचा दाखला प्रवचनात वापरला. गॉलमधील विजिलांशियस या धर्मगुरूने अवशेषांच्या सन्मानावर टीका केली, तेव्हा संत जेरोम यांनी ४०४ च्या सुमारास एका पत्रात आणि ४०६ मध्ये स्वतंत्र ग्रंथात तिला उत्तर दिले. अस्थी विटाळ आणणाऱ्या असतील, तर अलीशाच्या अस्थींनी मृताला कसे उठवले, असा त्यांचा सवाल होता. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात संत स्तेफन यांच्या अवशेषांपाशी घडलेल्या आरोग्यदानाच्या घटना नोंदवल्या. वेद्या हुतात्म्यांसाठी उभारल्या जात नाहीत, त्या हुतात्म्यांच्या देवासाठी असतात, असे त्यांनी बजावले. हुतात्म्यांचे अवयव म्हणून अस्थी विकत फिरणाऱ्या भोंदू संन्याशांवरही त्यांनी कोरडे ओढले.

७८७ मधील दुसऱ्या नायसिया परिषदेने फक्त देवाला द्यायची उपासना (लॅट्रिया) आणि प्रतिमा, अवशेष यांना द्यायचा सन्मान यांतला भेद निश्चित केला. मध्ययुगीन लॅटिन धर्मशास्त्राने संतांच्या सन्मानाला डुलिया आणि मरीयेच्या विशेष सन्मानाला हायपरडुलिया ही नावे दिली.

धर्मसुधारणा आणि नंतर

सोळाव्या शतकात अवशेषांचा बाजार, बनावट वस्तू आणि पापदंडमाफीशी जोडलेली प्रदर्शने यांमुळे प्रश्न ऐरणीवर आला. १५३० च्या प्रॉटेस्टंट ऑग्सबर्ग कबुलीने संतांचे स्मरण आदर्श म्हणून मान्य केले, पण त्यांचा धावा करण्यास शास्त्राधार नाही, असे म्हटले. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांनी १५४३ मध्ये अवशेषांवर कठोर टीका करणारा ग्रंथ लिहिला. एकाच संताचे अवयव अनेक ठिकाणी दाखवले जातात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अँग्लिकन पंथाच्या एकोणचाळीस कलमांपैकी बाविसावे कलम संतांचा धावा आणि अवशेषपूजा शास्त्राधाराविना असल्याचे सांगते.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेंट परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये परंपरा कायम ठेवली. हुतात्म्यांचे देह ख्रिस्ताचे अवयव आणि पवित्र आत्म्याचे मंदिर होते, हे कारण तिने दिले. अंधश्रद्धा व द्रव्यलोभ दूर करावेत आणि बिशपच्या संमतीशिवाय नवे अवशेष स्वीकारू नयेत, असाही तिचा आदेश होता. १९८३ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेत पवित्र अवशेषांच्या विक्रीला पूर्ण बंदी आहे (नियम ११९०). ऑर्थोडॉक्स परंपरेत वेदीवरच्या विशेष वस्त्रात अवशेष शिवलेले असतात.

गोवा आणि वसई

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर या परंपरेचे सर्वांत ठळक उदाहरण जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकात आहे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनजवळच्या शांगच्वान बेटावर निवर्तलेले संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह १५५४ मध्ये गोव्यात आणला गेला. त्यांच्या उजव्या हाताचा भाग १६१४ मध्ये रोमला नेण्यात आला; तो तेथील जेझू चर्चमध्ये आहे. साधारण दहा वर्षांनी होणारे जाहीर दर्शन अलीकडे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. ‘गोंयचो सायब’ म्हणून त्यांना मानणाऱ्यांत इतर धर्मांचे लोकही असतात. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईच्या ख्रिस्ती समाजात त्यांचे स्मरण आजही आदराने होते.

मूल्यमापन

बायबल अवशेषांची पूजा सांगत नाही. देव पवित्र माणसांच्या देहातून आणि वस्तूंतून कार्य करतो, एवढे मात्र ते निःसंशय सांगते. या घटना अपवाद म्हणून वाचायच्या की कायमच्या नमुन्याप्रमाणे, याचे उत्तर प्रत्येक पंथ परंपरेला दिलेल्या अधिकारानुसार ठरवतो. प्रॉटेस्टंट आक्षेपाने श्रद्धेला देवापासून दूर नेणाऱ्या प्रथांवर धाक बसवला, ही त्याची मोठी देणगी. माणसाचा देह मरणानंतरही तुच्छ ठरत नाही, ही बायबलमधील शिकवण संतांचा सन्मान करणाऱ्या परंपरेने जिवंत ठेवली आहे. अलीशाच्या कबरीपासून इफिसच्या फडक्यांपर्यंत प्रत्येक उताऱ्यात सामर्थ्य देवाचे आहे, आणि कोणत्याही प्रथेची शास्त्रशुद्धता याच कसोटीवर तपासावी लागते.