'कट्यार'ची तबकडी

आखातात वाढलेल्या आपल्या मुलांना 'कट्यार काळजात घुसली' भेटते ते गाण्यांतून, रंगमंचावर क्वचितच. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ने २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी जुलैत बालगंधर्व गेले होते. संगीत नाटक संपले, असे म्हणणारे तेव्हाही होते (ते कायमच असतात). पं. जितेंद्र अभिषेकींच्या चाली आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब हे त्यांना मिळालेले उत्तर होते.

अमेरिकेत १९४३ साली 'ओक्लाहोमा!' या संगीतिकेची गाणी मूळ नटसंचाच्या आवाजात, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा संच म्हणून निघाली. पुढे नाटकापाठोपाठ त्याची तबकडी ही तिकडे रीतच पडली. आपल्या नटांचा आवाज त्याच्या कितीतरी आधीच तबकडीवर आला होता. पण तो सुट्या पदांपुरता. एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. 'वन्स मोअर' घेत रंगणारे बालगंधर्वांचे पद त्यात कोंबावे लागे. इथे मुहर्रकमध्ये महंमद बिन फारिस (१८९५-१९४७) या सौत गायकाचे घर जतन केले आहे. त्यांच्या पिढीलाही तबकडीची हीच कात्री लागली.

एल.पी. आल्यावर एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली. कात्री सैल झाली, तरी नाटकातले बोलणे बहुधा बाहेरच राहिले. इतर नाटकांत ते खपून जाते. 'कट्यार'मध्ये खपत नाही. 'घेई छंद मकरंद' या पदाच्या दोन चाली आहेत. एक प्रसाद सावकारांच्या गळ्यातली, दुसरी वसंतरावांच्या. माझ्याकडच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून मी त्या एकापाठोपाठ लावल्या, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तेच गाणं परत का?"

प्रश्न अगदी रास्त होता, कारण त्या 'परत का'तच नाटक आहे. शब्द तेच, पण गायकी दोन घराण्यांची. एक पंडित भानुशंकरांची, शांत, फूल उमलावे तशी. दुसरी खाँसाहेबांची, झेप घेणारी, समोरच्याला दिपवणारी. राजगायकाला मिळणाऱ्या कट्यारीला एक खून माफ आहे. त्या मानासाठी दोन घरे दुखावली आहेत आणि पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव आता खाँसाहेबांकडून विद्या मिळवू पाहतो. हे ठाऊक नसेल तर दुसरी चाल म्हणजे नुसती तयारीची चढाओढ वाटते.

२०१५ साली सुबोध भाव्यांनी चित्रपट काढला, त्यामुळे मुलांना कथा थोडीफार कळली हे खरेच. पण चित्रपटाने कथा आपल्या सोयीने वळवली आहे आणि नवी गाणीही घातली आहेत. तीही छान आहेत, माझी तक्रार नाही. फक्त त्यावरून नाटक पाहिले असे समजू नये.

म्हणून एक सुचवतो. मंडळाच्या पुढच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमात हे पद दोन्ही चालींत व्हावे आणि मध्ये कुणी दोघांनी खाँसाहेब आणि सदाशिव यांच्यातला एखादा प्रवेश वाचावा. दहा मिनिटांचे काम आहे. नाटकाचे पुस्तक मिळते. ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या असतील त्यांनी त्याही आणाव्यात, मात्र उभ्या ठेवून, आणि इथल्या उन्हात गाडीत विसरू नयेत. तबकडी एकदा पापडासारखी वाकली की सरळ करणे कठीण.