सालही नाही, टांकसाळही नाही: शिवराईची कुळकथा

जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनात गेलेला मराठी माणूस आधी शिवराई शोधतो. विकणाराही तांब्याचं एक काळपट, जाड नाणं हातावर ठेवतो आणि म्हणतो, "महाराजांच्या काळातली आहे." बहुतेक वेळा हे खरं नसतं. नाणं अस्सल असतं, त्यावर 'श्री राजा शिव' अशी अक्षरंही असतात, पण ते महाराजांच्या पश्चात पन्नास, शंभर, कधी त्याहून जास्त वर्षांनी पाडलेलं असतं. जो शिवराई जमवू पाहतो, आणि विशेषतः जो तिच्यात पैसे गुंतवू पाहतो, त्याने तिचं कूळ आधी समजून घ्यायला हवं.

शिवराईचा जन्म ६ जून १६७४च्या रायगडावरच्या राज्याभिषेकाशी जोडलेला आहे. त्या निमित्ताने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी दोन नाणी निघाली. दोन्हींवर मजकूर एकच. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', आणि भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. चित्र नाही, देवाची मूर्ती नाही. आजूबाजूच्या मोगल आणि आदिलशाही नाण्यांवर फारसी मजकूर होता. नागरी अक्षरं नाण्यावर त्यापूर्वी आलीच नव्हती असं नाही. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या होनांवर ती होती. पण विजयनगर लयाला गेल्यावर दख्खनच्या बाजारात सार्वभौम राजाचं नाव नागरीत वाचायला मिळणं ही मोठी गोष्ट होती. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश त्याच काळातला. या दोन गोष्टी मी एकाच विचाराच्या मानतो.

याच राज्याभिषेकाला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. आपण मुंबईत पाडलेली नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, असं एक कलम त्याच्या मागण्यांत होतं. त्यावर निराजी पंडितांकरवी मिळालेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या नाण्याला आमची बंदी नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्या, अशी सक्ती आम्ही रयतेवर करणार नाही. तुमचं नाणं धातूने आणि वजनाने मोगलांच्या नाण्याइतकं चोख असेल तर ते आपोआप चालेल. नाणं हुकमाने चालत नाही, कसाने चालतं, हे रायगडावर पक्कं ठाऊक होतं.

होन थोडे निघाले आणि त्यांतले बरेचसे पुढे सोनाराच्या मुशीत गेले असणार. शिवराईचं नशीब वेगळं. ती भाजीवाल्याची, पाणक्याची, आठवड्याच्या बाजाराची. तांबं आपल्याकडे फारसं निघत नव्हतं. त्या काळी डच व्यापारी जपानी तांबं आपल्या किनाऱ्यांवर उतरवत, आणि वेंगुर्ल्याला त्यांची वखारही होती. तांब्याचे वजनाला बेतून तुकडे करायचे, ते खालच्या ठशावर ठेवायचे, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा, एवढीच पाडण्याची रीत. तुकडा ठशापेक्षा लहान असे, घाव कधी कडेला बसे. म्हणून एखाद्या शिवराईवर 'राजा' दिसतो तर 'श्री' गायब, दुसरीवर 'छत्र' आहे तर 'पति' अर्धा. सगळी अक्षरं आणि ठिपक्यांचं पूर्ण वर्तुळ आलेली शिवराई हाती लागणं कठीण, आणि बाजारात भावही तिलाच.

पुढच्या छत्रपतींनी हाच घाट ठेवला. संभाजी महाराजांच्या नाण्यावर 'श्री राजा शंभु' आलं. ही नाणी आज विरळा सापडतात. शाहू महाराजांच्या नावाचीही नाणी आहेत. पण लोकांच्या हाताला आणि डोळ्याला 'श्री राजा शिव' ही अक्षरं इतकी सवयीची झाली होती की त्याच नावाने नाणी पाडणं पुढेही चालू राहिलं. पेशवाईत तर तांब्याची नाणी पाडण्याचा परवाना खाजगी माणसांना मिळू लागला. नागोठणे आणि रेवदंडा इथल्या परवानेदारांच्या १७४४च्या सुमाराच्या नोंदी आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठेशाहीतल्या चलनावर आणि टांकसाळींवर निबंध लिहिला, त्यात या कारभाराचं चित्र सापडतं. ज्याचा परवाना, त्याचा ठसा. खोदणाऱ्याला अक्षरं उलटी कोरावी लागत, आणि तो लिहिता-वाचता असेलच असं नव्हतं. त्यामुळे कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव', आणि एखाद्या नाण्यावर चक्क उलटं उमटलेलं अक्षर. या चुकांचा अभ्यास हा शिवराई जमवणाऱ्यांचा खरा आनंद आहे.

याच लांबलेल्या काळात अक्षरांच्या ओळींमध्ये दोन समांतर आडव्या रेषा असलेली 'दुदांडी' शिवराई आली. आज बाजारात सर्वांत जास्त दिसते ती हीच. वजनही घसरलं. सुरुवातीची शिवराई साधारण अकरा ते तेरा ग्रॅमची, पुढे पुढे ती हलकी होत गेली. १८१८ला पेशवाई बुडाली, १८३५ला कंपनी सरकारने एकसारख्या नाण्यांचा कायदा केला, तरी देशावरच्या बाजारांत शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खुर्दा म्हणून फिरत होती.

मग एखादं नाणं महाराजांच्या हयातीतलं की नंतरचं, हे ओळखायचं कसं? शिवराईवर साल नाही. टांकसाळीचं नावही नाही. तिची जन्मतारीख ठरते अक्षरांच्या वळणावरून, ठिपक्यांच्या आकारावरून, वजनावरून, आणि ती कुठे सापडली त्यावरून. म्हणूनच एखादा विक्रेता "१६७४ची" असं छातीठोक सांगतो तेव्हा त्याने कारण दिलं पाहिजे. दुदांडी असेल तर प्रश्नच मिटला. साधी, झिजलेली दुदांडी काहीशे रुपयांची वस्तू आहे. जुनी म्हणून लाखाची, हा हिशेब चुकीचा आहे. होनाच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावं, कारण त्याच्या नकला भरपूर आहेत. ओतीव नकलेच्या पृष्ठावर बारीक छिद्रं आणि कडेला साच्याची रेघ दिसते. तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय आणि पावती घेतल्याशिवाय होनासाठी पैसे मोजू नयेत. जुन्या नाण्यांना आणि नोटांना लाखो रुपये देऊ, आधी शुल्क भरा, असं आपल्या नावाने सांगणाऱ्या ठगांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच २०२१च्या ऑगस्टमध्ये दिला होता.

घरातल्या देव्हाऱ्यात किंवा आजीच्या बटव्यात शिवराई असेल तर दोन गोष्टी कळकळीने सांगतो. ती चिंच-मिठाने घासू नका. तांब्याच्या भांड्याला ते शोभतं, पण नाण्यावरचा काळपट-हिरवा थर गेला की त्याबरोबर अक्षरांची धार जाते आणि किंमतही जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ती कोणत्या गावातून, कोणाच्या घरातून आली हे आजच एका चिठ्ठीवर लिहून नाण्याबरोबर ठेवा. आणि नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचं मडकं निघालं तर ते वाटून घेऊ नका, तांबटाला तर मुळीच देऊ नका. १८७८च्या कायद्याप्रमाणे ते कलेक्टरला कळवावं लागतं. कारण मडकं फुटून नाणी दहा घरांत गेली की ती कुठे आणि केव्हा पाडली हे सांगणारा उरलासुरला पुरावाही संपतो.