दोन बोटं खाली

जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये सिग्नल्सचे एक सुभेदार साहेब एका रविवारी नवी हिमालयन घेऊन माझ्याकडे आले. साताऱ्याकडचे, उंची पाच फूट तीन इंच. तरुणपणी डिस्पॅच रायडर होते. रिटायर झाल्यावर मनाली-लेह करायचं हे त्यांचं जुनं स्वप्न. पण आदल्या दिवशी उतारावर थांबताना पाय पोचला नाही, गाडी कुशीवर गेली आणि मनगट सुजलं.

"तू ईएमईवाला. पुढचा शॉकअप खाली बसवून दे," म्हणाले.

"साहेब, बसवतो. पण काहीतरी द्यावं लागेल."

काय द्यावं लागेल, ते समजायला थोडं मागं जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेकडे सगळ्यात जास्त होत्या त्या बीएसए एम20 आणि नॉर्टन 16एच. दोन्हींना गर्डर फोर्क, म्हणजे पुढं लोखंडी सांगाडा, वर एक स्प्रिंग, आणि धक्का जिरवायला घर्षणाच्या चकत्या. मागचं चाक तर फ्रेमलाच घट्ट. चाकाची उठबस एवढीशी, म्हणून सीटही बुटकी. धक्के सीटखालच्या स्प्रिंगांनी आणि स्वाराच्या कण्यानं सोसायचे! त्या काळच्या बुटक्या डीआरचे पाय जमिनीला टेकत, पण कंबर जात असे.

तेलावर चालणारा दुर्बिणीसारखा फोर्क उत्पादनातल्या गाडीवर पहिल्यांदा आणला बीएमडब्ल्यूने, 1935 मध्ये आर12 वर. 1941 मध्ये मॅचलेसने जी3/एलला तसाच फोर्क दिला, नाव 'टेलिड्रॉलिक'. एका नळीत दुसरी नळी, आत स्प्रिंग आणि तेल. तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, म्हणून चाक उसळत नाही. 1949 च्या बुलेटला पुढं असाच फोर्क होता आणि मागं स्विंगआर्म. 1955 पासून ती मद्रासमध्ये जुळू लागली, आणि आपल्या फौजेच्या कितीतरी पिढ्या तिच्यावरच शिकल्या.

चाकाला उठबस मिळाली, तशी गाडी उंच होत गेली. 2016 च्या हिमालयनचा पुढचा प्रवास 200 मिमी, सीट 800 मिमी. ही उंची मिरवायला नाही, खड्ड्यासाठी आहे. माझ्या मते लोअरिंग किट लावणं म्हणजे त्या जुन्या बुटक्या गाड्यांकडे थोडं परत जाणं. किती परत जायचं, एवढाच प्रश्न.

साहेबांना 50 मिमी हवे होते. मी 30 वर अडलो. शेवटी त्यांनी मान हलवली.

बॅशप्लेटखाली ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी केलं. नळ्या काढण्याआधीच वरची टोपणं सैल केली. नळी हातात आली की ती फिरत नाहीत. कॅलिपर तारेनं टांगला, पाइपावर भार नको. टोपण उघडताना तोंड बाजूला, आतली स्प्रिंग दाबलेली असते. तेल ओतून काढलं, तळाचा अ‍ॅलन बोल्ट सोडला आणि डॅम्पर रॉडच्या डोक्याखालच्या छोट्या स्प्रिंगलगत 30 मिमीचा स्पेसर बसवला. आता फोर्क तेवढाच कमी उघडतो. वरची दाबनळीही 30 मिमीनं आखूड लागते, नाहीतर स्प्रिंग आधीच आवळली जाते आणि पुढचं चाक दगडासारखं आपटतं. मूळ नळ्या कापल्या नाहीत, नव्या कापून घेतल्या. तळाची तांब्याची वॉशर नवी, तेल मापून. दोन्ही पायांत तेलाची पातळी सारखी हवी, इथंच बहुतेक जण घाई करतात.

नुसतं पुढून खाली आणलं तर स्टिअरिंगचा कोन उभा होतो, गाडी वेगात बुजऱ्या घोड्यासारखी वागते. म्हणून मागच्या मोनोशॉकची जोडपट्टीही बदलली. साइडस्टँडही थोडा कापला. तसाच ठेवला असता तर गाडी फार सरळ उभी राहून वाऱ्यानंही पलटली असती.

साहेब बसले. दोन्ही पायांचे चवडे टेकले. काही बोलले नाहीत, हँडल डावी-उजवीकडे वळवत राहिले. मी मूळ नळ्या कापडात गुंडाळून त्यांच्या हातात दिल्या.

पुढच्या वर्षी रिटायर होऊन ते निघाले. पांगहून फोन आला, आवाज तुटक. "बॅशप्लेट दोनदा घासली रे. पण गाडी एकदाबी पडली नाही."