पेन्यिस्कोला: खडकावरचा एकाकी पोप

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, वालेन्सियाच्या उत्तरेस, पेन्यिस्कोला हे तटबंदीचे मध्ययुगीन गाव एका खडकावर वसले आहे. वाळूचा चिंचोळा पट्टा त्याला भूमीशी जोडतो; पूर्वी वादळात लाटा तो गिळत आणि गावाचे बेट होई. माथ्यावरचा किल्ला टेम्पलर योद्ध्यांनी १२९४ ते १३०७ या काळात बांधला.

१४११ मध्ये तेरावा बेनेडिक्ट, अर्थात पेद्रो दे लूना, येथे राहावयास आला. तेव्हा पोपपदावर एकाच वेळी तिघांचा दावा होता. ज्या फेर्नांदोला अरागॉनचे सिंहासन मिळावे म्हणून त्याने आपले वजन खर्चिले, त्यानेच १४१६ मध्ये साथ सोडली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने बेनेडिक्टला पदच्युत केले. त्याने ते मानले नाही. मूठभर अनुयायांसह, १४२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो स्वतःला पोपच म्हणवीत राहिला. हट्ट न सोडण्याला स्पॅनिश भाषेत ‘आपल्या तेराला चिकटून राहणे’ म्हणतात. हा वाक्प्रचार त्याच्याशीच जोडला जातो.

आज उत्तरेकडील लांब पुळणीवर पर्यटक ऊन खात पहुडतात. तेथून किल्ल्याकडे पाहिले, की बेनेडिक्टचा आश्रय आणि एकांत एकाच नजरेत येतात: तिन्ही बाजूंना समुद्र आणि परतीची एकच, वाळूची वाट.