कचऱ्याचा डबा की पुरावा? विमानाच्या ऑइल फिल्टरची गोष्ट

नेट-पेटची तयारी करताना आपण नमुना, तुलना, दूषण या शब्दांच्या व्याख्या पाठ करतो. आज त्याच गोष्टी एका वस्तूच्या इतिहासातून समजून घेऊ. वस्तू अगदी साधी आहे: इंजिनचा ऑइल फिल्टर. आमच्या पातूरला अकोला-वाशीम रोडवरच्या कुठल्याही ट्रॅक्टर गॅरेजात तुम्हाला जुने फिल्टर कोपऱ्यात पडलेले दिसतील. पण आपण तो बघणार आहोत घरी बांधलेल्या विमानात. ट्रॅक्टर बंद पडला तर धुऱ्यावर उभा राहतो, विमानाला ती सोय नाही.

घरी विमान? हो. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं गेलं आणि 2017 मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. अमेरिकेत अशा हौशी बांधणाऱ्यांची 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संघटना 1953 पासून आहे. या लोकांना इंजिन बहुतेक वेळा तयारच मिळतं. ते आपल्या विमानात बसवायचं कसं, हे मात्र प्रत्येकाला स्वतः ठरवावं लागतं. त्यातलाच एक निर्णय म्हणजे ऑइल फिल्टर कुठे लावायचा.

आता थोडं मागे जाऊ. 1903 मध्ये राइट बंधूंसाठी चार्ली टेलर या कारागिराने साधारण 12 हॉर्सपॉवरचं इंजिन बनवलं. 17 डिसेंबरचं सगळ्यात लांब उड्डाण 59 सेकंदांचं होतं. एवढ्या वेळात तेल खराब व्हायचा प्रश्नच नव्हता. पुढे पहिल्या महायुद्धात अनेक विमानांना नोम जातीची रोटरी इंजिनं होती. त्यांत चक्क एरंडेल तेल वापरायचे! हे तेल एकदा इंजिनमधून फिरलं की धुरासोबत बाहेर फेकलं जायचं, थोडं पायलटच्या तोंडावरही उडायचं. तेल परत वापरायचंच नाही, मग गाळायचं कशाला?

इथे थांबून विचार करा. फिल्टरची गरज तेलामुळे निर्माण झाली नाही, ती तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवल्यामुळे निर्माण झाली. 1923 मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर आणला, तोच 'प्युरोलेटर'. विमानाच्या छोट्या इंजिनांत मात्र बरीच वर्षं धातूची बारीक जाळीच असायची. जाळी मोठे कण अडवते, बारीक सोडून देते. म्हणूनच लायकॉमिंग कंपनी आजही सांगते: नुसती जाळी असेल तर 25 तासांनी तेल बदला, पूर्ण तेल गाळणारा फिल्टर असेल तर 50 तासांनी.

मग सगळ्यांनी फिल्टर का लावला नाही? कारण जागा! इंजिन आणि पायलट यांच्यामध्ये फायरवॉल नावाची धातूची भिंत असते. इंजिनच्या मागे डबा लावला तर तो कधी या भिंतीला, कधी इंजिनच्या माउंटला अडतो. यावरचा उपाय म्हणजे 'रिमोट' फिल्टर. इंजिनवर फक्त एक अडॅप्टर, तिथून दोन होज पाईप, आणि फिल्टर फायरवॉलवर.

पण या उपायाने नवे प्रश्न आणले. इंजिन रबरी माउंटवर हलतं, भिंत हलत नाही. म्हणून पाईप लवचीक हवा आणि कुठे घासायला नको. जवळच तापलेला सायलेन्सर असतो, म्हणून पाईपवर आग सोसणारं आवरण हवं. इंजिनचं सगळं तेल या पाईपांतून जातं. एक फुटला तर थोड्याच वेळात इंजिन कोरडं. आणि दोन्ही पाईपांची अदलाबदल झाली तर? फिल्टरमध्ये तेल कडेच्या छिद्रांतून आत जातं आणि मधल्या छिद्रातून बाहेर येतं. उलटं जोडलं की आतली रबरी झडप वाट अडवते. म्हणून पाईपांवर आधीच खुणा करतात आणि इंजिन सुरू केल्यावर पहिलं लक्ष प्रेशरच्या काट्यावर. 30 सेकंदांत काटा हलला नाही तर इंजिन बंद.

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. फिल्टर घाण अडवायला आला, पण ती घाणच पुढे माहिती ठरली. 1946 च्या सुमारास अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेच्या प्रयोगशाळेने वापरलेल्या तेलातले धातू मोजून डिझेल इंजिनचे बिघाड आधीच ओळखायला सुरुवात केली. विमानवाले काढलेला फिल्टर फेकत नाहीत, कापून आतला घडीचा कागद उलगडून बघतात. कण चुंबकाला चिकटला तर लोखंड-पोलाद, म्हणजे गिअर किंवा कॅमकडे बघा. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम असू शकतं, मग पिस्टनकडे.

यातल्या दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. पहिली, फिल्टर हॅक्सॉने कापत नाहीत. करवतीचा भुसा कागदावर पडला की तो कण इंजिनचा की करवतीचा, हे सांगताच येणार नाही. त्यासाठी चाकाचं वेगळं कटर असतं, डबा उघडायच्या ओपनरसारखं. हेच दूषण. दुसरी, नव्या इंजिनच्या पहिल्या फिल्टरमध्ये थोडे धातूचे कण निघतातच, कारण भाग एकमेकांत बसत असतात. तेवढ्यावरून इंजिन खराब म्हणता येत नाही आणि चांगलंही म्हणता येत नाही. दुसरा, तिसरा, चौथा फिल्टर कापून कण वाढतात की कमी होतात हे बघावं लागतं. हीच तुलना.

तुमचा विषय कपाशीवरची बोंडअळी असो, पूर्णेचं खारं पाणी असो की जुनी दप्तरं, तुमच्या कामातही काहीतरी रोज फेकलं जात असणार: बिघडलेले नमुने, खोडलेल्या नोंदी, जुळत नाहीत म्हणून बाजूला ठेवलेले आकडे. सिनॉप्सिस लिहायच्या आधी त्यांची एक यादी करा, आणि प्रत्येकासमोर लिहा की ते उघडून बघायला तुमच्याकडे हॅक्सॉ आहे की कटर.