किनाऱ्यावरच्या शेवाळाचा हिशेब

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेस निघालेला रस्ता मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओलांडून डोंगरी, उत्तन आणि चौक येथे समुद्राला भिडतो. हा सारा भाग एकेकाळी खाड्यांनी वेगळा केलेला होता. त्याला धारावी बेट म्हणत. (मुंबईतील धारावी ती वेगळी.) १७३९ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला येथलाच. आज येथे कोळी बांधवांची मोठी वस्ती आहे. पावसाळा सरला की बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील टांगले जातात, मोकळ्या जागेत जवळा पसरला जातो. येथील किनारा म्हणजे नुसती फिरायला जाण्याची जागा नव्हे, ते मासळी वाळवण्याचे अंगण आहे. म्हणूनच समुद्र किनाऱ्यावर काय आणून टाकतो हा येथे पोटापाण्याचा प्रश्न ठरतो.

गेल्या काही वर्षांत कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर सारगासम या तपकिरी शेवाळाचे ढीग साचल्याच्या बातम्या आपण वाचतो. ते शेवाळ कुजले की हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, मासेमारीच्या होड्या अडकतात, कासवांना अंडी घालण्यासाठी वर येता येत नाही. अशा बातम्या वर्गात वाचल्या की विद्यार्थी हमखास विचारतात, "हे आपल्याकडेही येईल का?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे इतिहासात शिरावे लागेल.

सप्टेंबर १४९२ मध्ये कोलंबसच्या जहाजांना भर अटलांटिक महासागरात हिरव्या-पिवळ्या शेवाळाचे पुंजके तरंगताना दिसू लागले. जमीन जवळ आली, असे खलाशांना वाटले. प्रत्यक्षात ती कितीतरी दूर होती. या शेवाळाला द्राक्षांसारख्या लहान लहान हवेच्या पिशव्या असतात, त्यांच्या आधाराने ते तरंगते. 'सारगासम' हे नाव आले पोर्तुगीज खलाशांच्या 'सारगासो' या शब्दावरून. याच पोर्तुगीजांची सत्ता पुढे १५३४ पासून १७३९ पर्यंत आपल्या वसईवर होती.

मग हे तरंगते शेवाळ येते कोठून? किनाऱ्यावरच्या खडकांवरून तुटून वाहत आलेले ते तुकडे आहेत, की ते समुद्रातच जन्मते आणि वाढते? हा वाद दीर्घकाळ चालला. त्याचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांत फ्रेडरिक बोर्गेसेन (१८६६–१९५६) हे डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ होते. कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय ही बेटे तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होती. तेथील सारगासमच्या जातींवर आणि खुल्या समुद्रातील तरंगत्या प्रकारांवर त्यांनी १९१४ साली प्रबंध लिहिला. आज बातम्यांत असलेल्या दोन प्रमुख जाती म्हणजे सारगासम नेटन्स आणि सारगासम फ्लुइटान्स. यांपैकी दुसरीच्या शास्त्रीय नावापुढे आजही बोर्गेसेन यांचे नाव लिहिले जाते. या दोन्ही जाती आयुष्यात कधीही खडकाला चिकटत नाहीत. तुकडा मोडतो, तो वाढतो, पुन्हा मोडतो, असा त्यांचा वंश चालतो.

१९१७ मध्ये डेन्मार्कने ती बेटे अमेरिकेला विकली. पुढे जुलै २०२२ मध्ये याच सेंट क्रॉय बेटावर शेवाळाच्या लोंढ्यामुळे समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी बनवण्याच्या कामात अडथळा आला आणि तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. हेच बोर्गेसेन १९२७-२८ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आले. सौराष्ट्रातील ओखा, द्वारका आणि तत्कालीन मुंबई इलाख्याच्या इतर किनाऱ्यांवरील शेवाळे त्यांनी गोळा केली, वाळवून कागदावर दाबली आणि १९३० च्या दशकात त्यांवर क्रमाक्रमाने लेख लिहिले. मद्रासचे थोर शैवालशास्त्रज्ञ एम. ओ. पी. अय्यंगार यांच्या सन्मानार्थ त्यांनी एका तपकिरी शैवालाच्या प्रजातीला 'इयंगारिया' असे नाव दिले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील शेवाळांची पद्धतशीर नोंद म्हणून त्यांच्या या लेखांकडे अभ्यासक आजही वळतात.

सारगासम आपल्याकडेही आहे, पण त्याच्या जाती निराळ्या. त्या तळाशी असलेल्या चकतीने खडकाला घट्ट धरून वाढतात. पावसाळ्यानंतर त्यांची वाढ सुरू होते, हिवाळ्यात बहर येतो आणि पुढे त्या झडतात. किनाऱ्यावर येऊन पडतात ते बहुधा असे सुटलेले तुकडे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर सारगासमची दाट कुरणे आहेत, कारण तेथे पाणी बरेच स्वच्छ असते आणि सूर्यप्रकाश खालपर्यंत पोहोचतो. उत्तनच्या उत्तरेस मात्र उल्हास नदीचे पाणी वसईच्या खाडीतून गाळ घेऊन समुद्रात येते. गढूळ पाण्यात प्रकाश फार खोल जात नाही, त्यामुळे अशा ठिकाणी मोठ्या तपकिरी शेवाळांची कुरणे पसरणे अवघड असते. गाळाच्या त्याच पाण्यात बोंबील आणि जवळा मात्र भरपूर मिळतो. एका किनाऱ्याला जे बाधते तेच दुसऱ्या जीवाला पोसते, ते असे.

तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे: कॅरिबियनमध्ये उच्छाद मांडणाऱ्या तरंगत्या जाती अटलांटिकच्या रहिवासी आहेत, आपल्याकडील सारगासम खडकाला बांधलेले आहे. तेथील बातमी आपल्या किनाऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

पण त्या बातमीतून शिकण्यासारखे दुसरे काही आहे. २०११ मध्ये कॅरिबियन किनाऱ्यांवर शेवाळ अचानक प्रचंड प्रमाणात आले, तेव्हा सारे चकित झाले. ते नेहमीच्या सारगासो समुद्रातून नव्हे, तर विषुववृत्ताजवळच्या अटलांटिकमधून येत होते. हे कळले कसे? उपग्रहांची २००० सालापासूनची छायाचित्रे साठवून ठेवलेली होती म्हणून. ती मागे जाऊन तपासता आली. त्यावरून जून २०१८ मध्ये आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीचा आणि २ कोटी टनांहून अधिक वजनाचा पट्टा असल्याचे दिसले. मे २०२५ मध्ये हा आकडा सुमारे ३ कोटी ७५ लाख टनांवर गेला. नद्यांतून येणारी पोषकद्रव्ये, वारे, खोल पाण्याचे वर येणे, यांपैकी कशाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे. 'पूर्वीपेक्षा वाढले' हे मात्र ठामपणे म्हणता येते, कारण 'पूर्वी' किती होते ते माहीत आहे.

लहान किनाऱ्यावरचे पट्टे असे उपग्रहातून मोजणे कठीण. तेथे माणसानेच जायला हवे, आणि हे काम शाळा करू शकते. उत्तन, पाली, चौक येथील कोळी बांधव भरती-ओहोटीचा हिशेब तिथीवर ठेवतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. म्हणून दर महिन्याची एकच तिथी ठरवावी. ओहोटीच्या वेळी, गावातील जाणत्या माणसाला सोबत घेऊन, भरतीच्या रेषेवर दोरीची एक मीटर लांब-रुंद चौकट ठरलेल्या पाच जागी टाकावी. तिच्यातील शेवाळ वेगळे, प्लास्टिक वेगळे करून तानकाट्याने वजन करावे. शेवाळाच्या बुडाशी चकती आहे का ते पाहावे. एकेक नमुना वर्तमानपत्रात दाबून वाळवावा आणि त्यावर तारीख, जागा व गोळा करणाऱ्यांची इयत्ता लिहावी.

पहिल्या वर्षी या वहीतून फारसे काही निघणार नाही. दहाव्या वर्षी मात्र, किनाऱ्यावर शेवाळ वाढले की केवळ प्लास्टिक वाढले, या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता येईल. म्हणून ती वही एखाद्या शिक्षकाच्या पिशवीत न राहता शाळेच्या दप्तरात राहावी, म्हणजे बदलीने आलेल्या नव्या शिक्षकालाही पुढच्या तिथीची नोंद करता येईल.