केबल लावली, पण मॉनिटर काही बोलेना

आजचा भाग इतिहासाचा, पण राजेरजवाड्यांचा नाही. चारठाणा म्हटलं की लोकांना जुनी मंदिरं आठवतात. मला आठवतो आमच्या घरातला टेबलावरचा मॉनिटर.

मार्च २०२०. लॉकडाऊनच्या तोंडावर मी पुण्याहून गावी आलो. नोकरीत प्रोबेशन चालू, सोमवारी डेमो. मामाने त्याचा फुल एचडी मॉनिटर दिला. त्याला व्हीजीए, माझ्या लिनक्स लॅपटॉपला एचडीएमआय, म्हणून मध्ये स्वस्तातला कन्व्हर्टर. चित्र आलं, पण १०२४ बाय ७६८! अक्षरं पसरट, धुरकट. सेटिंगमध्ये मोठं रिझोल्यूशनच नाही.

का? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

लिनक्सवर खिडक्या दाखवायचं काम वर्षानुवर्षं एक्स विंडो सिस्टीमने केलं. ती एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झाली, एक्स११ आलं १९८७ मध्ये. दोन मॉनिटर तेव्हाही चालायचे, पण एकावरची खिडकी दुसऱ्यावर ओढता यायची नाही. २००० मध्ये एक्सफ्री८६ ४.० सोबत झिनेरामा आलं आणि दोन्ही मिळून एकच मोठा पडदा झाला.

तरी त्या काळी मॉनिटरची माहिती बऱ्याचदा आपणच फाईलमध्ये लिहायची. त्या ओळीला म्हणायचे मोडलाईन: पिक्सेल किती वेगाने पाठवायचे, ओळ कुठे संपते, सगळे आकडे. आकडा चुकला तर ट्यूबवाला मॉनिटर बिघडू शकतो, असा इशाराही असायचा. विचार करा, टायपो केला आणि मॉनिटर गेला!

यावरचा उपाय म्हणजे १९९४ चं ईडीआयडी. मॉनिटरमध्येच १२८ बाइटची ओळख साठवलेली: मी कोण, मला काय झेपतं. मग २००७ मध्ये रँडआर १.२ आलं. आता एक्स बंद न करता केबल लावा, मॉनिटर डावीकडे ठेवा की उजवीकडे, लगेच बदल.

माझ्या कन्व्हर्टरने नेमकी हीच ओळख पुढे पाठवली नव्हती. लॅपटॉप विचारतोय, समोरून उत्तर नाही. मग त्याने अंदाजाने सुरक्षित आकडा धरला.

रात्री एक वाजता मी 'सीव्हीटी' कमांडने मोडलाईन काढली, 'एक्सरँडआर'ला न्यूमोड, मग ॲडमोड दिलं. पडदा क्षणभर काळा झाला. पोटात गोळा! आणि मग अक्षरं एकदम स्वच्छ. म्हणजे २०२० मध्ये बसून मी नव्वदच्या दशकातलंच काम हाताने केलं होतं.

सोमवारचा डेमो झाला. नोकरीही टिकली.

आता बऱ्याच डिस्ट्रोंवर वेलँड असतं. तिथे एक्सरँडआरची ही युक्ती चालत नाही, पण प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केलिंग नीट देता येतं. तुमच्याकडे असं धुरकट चित्र आलं तर लिनक्सला शिव्या घालण्याआधी कन्व्हर्टर काढून थेट केबल लावून बघा.

भेटू पुढच्या भागात!